इटलीतले बाजाराचे वार

"बाई, इटलीत बाजार कोणत्या वारी भरतो?"

सरूनं मला हे विचारलं तेव्हा मी तिच्या पाटीतल्या मेथीच्या जुड्या खालीवर करून बघत होते. पिंपरीला औषधांचा कारखाना उभा राहिला आणि त्याच्या कॉलनीत आम्हाला क्वार्टर मिळालं, त्याला तेव्हा वर्षभर झालं असेल. कॉलनीच्या चारी बाजूंना अजून नुसतं माळरान होतं. मंडई नव्हती, दुकानं दोनच. भाजी घ्यायची तर चिखलीकडच्या बायका डोक्यावर पाट्या घेऊन यायच्या, त्यांची वाट बघायची. त्यांत सरू माझ्याकडे नेमानं यायची. माझ्याच वयाची, तिशीला टेकलेली. अंगानं सडसडीत, कपाळावर ठसठशीत कुंकू, गळ्यात काळी पोत. भाव एकदा सांगितला की प्रत्यक्ष देव मागायला आला तरी पैशानं खाली यायची नाही.

मी म्हटलं, "इटलीत? कुठल्या इटलीत?"

"दोन हायत व्हय?" ती म्हणाली.

तिची चेष्टा करायची पद्धत अशीच, तोंडावरची रेघ हलू न देता. पण त्या दिवशी ती चेष्टा करत नव्हती. मी बी. ए. झाले आहे हे तिला कुणीतरी सांगितलं होतं, आणि शिकलेल्या बाईला एवढं माहीत असणारच, असा तिचा हिशेब होता.

मग ती ओसरीच्या पायरीवर बसली आणि तिनं सगळं सांगितलं. तिचा नवरा चिमाजी मराठा पलटणीत होता. लग्नाला दोन दिवाळ्या झाल्या आणि तो भरती झाला. सरू तेव्हा सोळा वर्षांची. पलटण आधी मिसर देशात गेली, तिथून बोटीनं इटलीत. तिथल्या डोंगरात, चव्वेचाळीस सालच्या मार्गशीर्षात, चिमाजी बेपत्ता झाला. लढाई संपल्यावर सरकारनं कळवलं की तो मरण पावला असं धरण्यात येत आहे, आणि सरूला पेन्शन लावून दिली. पण चिखलीत ते कुणी धरलं नाही. प्रेत कुणी पाहिलं नव्हतं. सासू मंजुळाबाई म्हणाली, "सरकारला काय, त्येला कागद बंद करायचा असतो. माझा पोरगा हाय तो." सरूचं कुंकू तसंच राहिलं.

मात्र गावाकडे याला मुदत असते. बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट बघतात. बारा भरली की दर्भाचा आणि पळसाच्या पानांचा पुतळा करतात, त्याला अग्नी देतात, दहावा-तेरावा घालतात, आणि त्या दिवसापासून बाई विधवा होते. छप्पन सालच्या मार्गशीर्षात ही बारा वर्षं भरत होती. सरू हा प्रश्न घेऊन माझ्याकडे आली तो त्याच सालचा उन्हाळा.

"वाट बघायची म्हनत्यात," ती म्हणाली. "बारा वर्सं बघितली की. पर जाऊन बघितलं का कुनी?"

मी हातातली जुडी पाटीत ठेवून दिली.

जायचा खर्च ही मोठी गोष्ट होती, पण तो कसा का होईना जमत होता. कारखान्यासाठी जमिनी घेतल्या त्यात चिमाजीच्या वाट्याचा तुकडाही गेला होता आणि त्याचा मोबदला घरात आला होता. धाकटा दीर तात्याबा याला त्यातून विहीर खणायची होती. मंजुळाबाईनं त्याला गप्प केलं. "रान त्याचं, पैका त्याचा. त्याच्या पायी जाऊ दे. तुझी हिर फुडल्या साली."

राहिला बाजार. तो कशासाठी, ते समजायला मला वेळ लागला.

सरू दर शनिवारी चाकणच्या बाजारात बसायची. तिथलं तिचं ज्ञान असं होतं की माणूस कुठंही दडी मारून राहिला तरी आठवड्यातून एकदा बाजाराला येतोच. मीठ लागतं, मिरची लागते, बैलाला वेसण लागते. कर्जाला तोंड चुकवणारा असो की बायकोवर रुसून गेलेला असो, चाकणच्या बाजारात एका जागी दिवसभर बसलं की तो समोरून जातो. तिनं स्वतः असे दोघं-तिघं पाहिले होते आणि त्यांच्या घरी निरोप पोचवला होता. तेव्हा इटलीत जाऊन घरोघर विचारत हिंडायचं कारण नव्हतं. चिमाजी ज्या गावांतून गेला त्या गावांचे बाजाराचे वार तेवढे कळायला हवे होते.

मी जपून विचारलं, "आणि समजा, दिसला. पण तिकडे त्यानं घर केलं असलं तर?"

तिनं हा विचार माझ्या आधीच करून ठेवला होता. "केलं असंल तर करू दे. मी भांडाया न्हाई चालले. लांबनं बघीन आन माघारी यीन. कुक्कू लावाया तेवढं पुरतं."

दुसऱ्या दिवशी मी ट्रंकेच्या तळातून कॉलेजातला अॅटलास काढला.

तेव्हापासून दुपारच्या वेळी, भाजी विकून झाली की सरू माझ्या ओसरीवर यायची. नकाशात तिला आधी चिखली बघायची होती. ती त्यात नव्हती. पिंपरीही नव्हती. पुणं एक ठिपका होता, आणि तिथून बोट सरकवत मी तिला मुंबई, एडन, सुवेझचा कालवा, पोर्ट सैद, नेपल्स असं नेलं. इटलीचा आकार पाहून ती म्हणाली, "ही तर तंगडी हाय." मग गुडघ्याच्या जरा वर बोट ठेवून विचारलं, "हितं डोंगर हाय का?" होता.

खरं सांगायचं तर पहिला बेत मी केला तो माझ्या मनाजोगता झाला. रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस. कॉलेजात इतिहासाच्या तासाला ज्या गावांची नावं ऐकून मी तासन्‌तास खिडकीबाहेर बघत बसायची ती सगळी गावं त्यात होती. एवढ्या लांब जायचं तर वाटेवरची मोठी ठिकाणं पाहून घ्यावीत, असं मी तिला समजावलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

"यात बाजार कुटं हाय?" एवढंच विचारलं.

मी व्हेनिस खोडलं.

आमच्या यांनी मुंबईच्या एका बोट कंपनीच्या एजंटाकडे चौकशी केली. बोट नेपल्सला उतरवणार आणि परतीची बोट जिनोआहून निघणार. मधे जेमतेम तीन आठवडे. बसायचं तळाच्या वर्गात. तीन आठवड्यांत किती गावं होतात हे ठरवायचं तर चिमाजी कोणकोणत्या गावांतून गेला हे पक्कं कळायला हवं होतं, आणि ते सांगू शकणारा माणूस एकच होता, कुरुळीचा दत्तोबा.

दत्तोबा पलटणीत चिमाजीच्याच तुकडीत हवालदार होता. लढाई संपल्यावर चिमाजीची पेटी त्यानंच चिखलीला आणून दिली होती. आता कुरुळीला कांदा लावायचा आणि चाकणला विकायचा. सरूच्या सोबतीला इटलीत येण्याचं त्यानं कबूल केलं होतं, कारण तिकडची बोली येणारा पंचक्रोशीत तोच. तो सायकलवरून पहिल्यांदा आमच्याकडे आला तेव्हा मी विचारलं, "दत्तोबा, तुम्हाला ती भाषा अजून आठवते का?"

"भाषेचं काय न्हाई बाईसाहेब," तो म्हणाला. "तिकडं हात हलवत, वराडत बोललं की समद्यांना समजतं. आमच्या कुरुळीचा सरपंच तिथं सुखानं नांदंल."

"आन भाकरी म्हनायची झाली तर?" सरूनं विचारलं.

"पाने."

"कसली पानं?"

"पानं न्हाई वयनी, पाने. भाकरीला पाने म्हनत्यात. आन पान्याला आक्वा."

"मंजी भाकरी मागितली तर पानं देत्यात," सरू माझ्याकडे बघून म्हणाली. "शेळ्याच करून ठेवल्यात मानसांच्या."

दत्तोबा मोठ्यानं हसला. तो हसला की त्याचा सगळा चेहरा डोळ्यांच्या कोपऱ्यांत जमा व्हायचा. माणूस बोलका होता, चहाचा शौकीन होता, आणि इटलीतल्या द्राक्षांच्या मळ्यांबद्दल तासभर बोलायचा. त्यानं गावं सांगितली ती मी लिहून घेतली. तारांतो, तिथं पलटण उतरली. मग बारी. मग डोंगरातली लहान गावं, ज्यांची नावं त्याला आठवत नव्हती. मग रोमला एक दिवस ट्रकातून. मग अरेत्सो, फ्लॉरेन्स, फोर्ली, फाएन्झा. फाएन्झाला तो 'फायंजा' म्हणायचा.

मी कंपास घेऊन अंतरं मोजली. "दत्तोबा, तारांतोपासून फाएन्झा म्हणजे इथून नागपूरच्याही पलीकडे झालं. तुम्ही ते वर्ष-सव्वा वर्षात गेलात. हिच्याकडे तीन आठवडे आहेत. मधे गाड्या बदलायच्या. सगळं नाही जमणार."

"पर बारी बगायला पायजे बाईसाहेब. लई मोठं गाव. बंदर हाय."

"बारी सोडल्यानंतर चिमाजी तुमच्याबरोबर होता ना?"

"हुता."

"मग बारीत कशाला असेल?"

दत्तोबानं नकाशावरची नजर काढली. "मागारी जाऊ शकतो की मानूस," म्हणाला.

बाजाराचे वार शेवटी पुण्यात मिळाले. कॉलेजातली माझी एक मैत्रीण कॅम्पातल्या शाळेत शिकवायची आणि तिथल्या चर्चमधले एक वयस्क फादर इटलीचे होते. सरूला घेऊन मी गाडीनं गेले. मला मनातून धाकधूक होती की ते हसतील. ते हसले नाहीत. त्यांनी तिचा प्रश्न माझ्याकडून दोनदा नीट ऐकून घेतला आणि म्हणाले की त्यांच्या मुलखातही लोक असेच बाजाराला येतात, डोंगरातले शेतकरी पहाटे निघतात. अरेत्सोला शनिवार. फोर्लीला सोमवार आणि शुक्रवार. फाएन्झाला मंगळवार, गुरुवार, शनिवार. बायकांच्या मठांना पत्रं लिहून निजायची सोय करून देतो, असंही ते आपणहून म्हणाले.

सरूनं मला विचारायला लावलं, तिकडे भाकरी कशाची करतात. फादर म्हणाले, डोंगरात गरीब माणसं मक्याची लापशी थापून खातात.

"मका हाय," सरू म्हणाली. "मग कशाला उपाशी मरतोय त्यो."

परतीच्या गाडीत ती खिडकीशी बसली होती. खडकी गेली, दापोडी गेली. कासारवाडीच्या आसपास ती म्हणाली, "मंगळवार, बेस्तरवार, शनवार. तीन-तीन बाजार. एवढं काय ईकत असतील?"

त्या वारांवरून मी जो बेत केला तसा नीटस बेत मी पुन्हा कधी केला नाही. नेपल्सला उतरून गाडीनं शनिवारी अरेत्सो. रविवारी फ्लॉरेन्स, कारण वाटेवर तेच आणि विसावाही हवा. सोमवारी फोर्ली, मंगळवारी फाएन्झा. फोर्ली आणि फाएन्झा एकाच रेल्वेवर, अगदी शेजारी, पिंपरी-तळेगावइतके. म्हणून मुक्काम फाएन्झालाच ठेवायचा आणि गुरुवार, शुक्रवार, शनिवार तिथल्या तिथे फिरायचं. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच सगळे बाजार, कारण एका बाजाराला माणूस चुकू शकतो, दोन्हींना चुकत नाही. हे सरूचं म्हणणं. रोम फक्त गाडी बदलण्यापुरतं.

हा बेत मी दत्तोबाला वाचून दाखवला. त्यानं कपातला चहा बशीत ओतला, प्यायला, आणि म्हणाला, "फायंजात दोन आठवडं काय करायचं? बारकं गाव हाय. रोमात ठेवा चार दिस. रोमात लई आपली मानसं हुती."

"रोमचा बाजार कोणत्या वारी?" सरूनं विचारलं.

"रोमात रोजच असतो."

"रोजचा नगं. रोजच्या बाजारात मानूस कवाबी येतो, घावत न्हाई."

दत्तोबा सायकल काढून निघून गेला. पण पुढच्या खेपेला आला तो नेपल्स वाढवायला सांगत. त्याच्या पुढच्या खेपेला बारी पुन्हा आलं. माझ्या एक लक्षात यायला लागलं होतं. माझी पेन्सिल तंगडीच्या खालच्या बाजूला असली की दत्तोबाला गल्ल्या, चर्चं, विहिरी, कुणाच्या घरी कोंबडी खाल्ली तेसुद्धा आठवायचं. पेन्सिल फाएन्झाजवळ आली की त्याची सायकल पंक्चर असायची किंवा कांद्याला पाणी द्यायचं राहिलेलं असायचं. मी यांच्याजवळ बोलले. हे म्हणाले, तिथं त्याचा जोडीदार गेला, त्याला ते गाव नको वाटणारच. मलाही ते पटलं.

श्रावणात पासपोर्टसाठी फोटो काढला. सरूच्या आयुष्यातला पहिला. फोटोवाल्यानं हस म्हटलं तर ती त्याला म्हणाली, "तुला काय बगायचं हाय?" मी तिला लांब बाह्यांचं लोकरी पोलकं शिवून दिलं, यांचा जुना कोट उसवून तिच्या मापाचा केला. तिला बूट सवयीचे व्हावेत म्हणून ती ते घालून पाटी घेऊन यायची. कॉलनीतल्या बायका दारात उभ्या राहून बघायच्या. एकीनं विचारलं, "काय गं सरू, विलायतेला निघालीस का?" सरू म्हणाली, "व्हय. वांगी उरली तर नेते तिकडं."

मंजुळाबाईची एक अट राहिली होती. परक्या पुरुषाबरोबर सून बोटीत बसणार, हे तिला जड जात होतं. दत्तोबाला तिनं मुलासारखंच मानलं होतं, पण मानणं वेगळं. सरूला सख्खा भाऊ नव्हता. तेव्हा दिवाळीत भाऊबीजेला दत्तोबानं चिखलीला येऊन सरूकडून ओवाळून घ्यायचं, चार माणसांदेखत, आणि मग कार्तिकात बोट धरायची, असं ठरलं. दत्तोबा हो म्हणाला. म्हणताना त्यानं मंजुळाबाईकडे पाहिलं नाही, हे मला नंतर आठवलं.

दिवाळीच्या तोंडावर सुवेझला लढाई पेटली. वर्तमानपत्रात मोठमोठी अक्षरं यायला लागली. कालव्यात बोटी बुडवल्या, वाट बंद झाली. यांनी मुंबईला तार केली. भाऊबीजेच्या सकाळी उत्तर आलं. बोट निघेल, पण आफ्रिकेला वळसा घालून जाईल. आणखी कितीतरी दिवस लागतील.

मी तिथी आणि तारखा पुन्हा मांडून पाहिल्या. मार्गशीर्षाच्या वद्य पक्षातली ती तिथी यायच्या आधी सरूच्या हाती तीन-चार दिवस उरत होते. एका गावापुरते. तिथीच्या आत तिकडून तार आली नाही तर इकडे विधी व्हायचा होता.

तारेचा कागद घेऊन मी आणि हे चिखलीला गेलो. वाटेवर ज्वारी पोटरीला आली होती. मंजुळाबाईच्या घरासमोर सडा-रांगोळी होती, आत पाट मांडलेला होता आणि दत्तोबा नवा फेटा बांधून त्यावर बसला होता. ओवाळून नुकतंच झालं होतं. त्यानं ताटात हिरवं लुगडं घातलं होतं, काठाला मोराची नक्षी. तात्याबा त्याला म्हणत होता, "भाऊ झाला, आता आमच्या कांद्याला भाव चांगला द्यायचा." सरू हिरव्या काचेचा चुडा भरून, निरांजनाचं ताट हातात घेऊन उभी होती.

मी जे होतं ते सांगितलं. तात्याबा म्हणाला, "मग मुदत वाढवा की. पुढच्या साली जाईल."

"बाराची तेरा कोन करतं?" मंजुळाबाई म्हणाली. "आज तेरा, मग चौदा."

सरूनं मला विचारलं, "एकच गाव व्हतंय?"

"एकच. कुठलं, ते तू ठरव. मला वाटतं फाएन्झा, तिथं तीन बाजार आहेत."

ती दत्तोबाकडे वळली. "भाऊ, तुमी हुता तिथं. एकच गाव हाय आता. एकच सांगा."

दत्तोबानं कपाळावरच्या ओल्या कुंकवाला हात लावला. तात्याबाची बायको आतून फराळाची ताटं घेऊन आली आणि उंबऱ्यातच थांबली.

"गावात जाऊ नगा, ताई," तो म्हणाला. आजवर तो तिला वहिनी म्हणत आला होता. "गावाच्या वरच्या अंगाला नदी हाय. तिथं जायाचं."

"नदीवर बाजार कवा भरतो?"

"तिथं बाजार भरत न्हाई. वस्तीच न्हाई तिथं."

"मग पल्याड?"

"पल्याड जर्मन हुते." तो सांगायला लागला. "रातीचा पाऊस झाल्ता. पानी लई वर. दोर बांदून चाललो हुतो आमी, म्होरं चिमाजी, मागं मी. छातीपातुर पानी. असलं गार, ताई, की हाताला दोर हाय का न्हाई समजंना. मधल्या धारेला गेलो आन दोर हलका झाला."

त्यानं डोक्यावरचा फेटा काढून मांडीवर ठेवला.

"साहेबानं सकाळी इचारलं, प्रेत बगितलं का? मी म्हनलं, न्हाई बगितलं. खरंच न्हाई बगितलं. मग त्येनं बेपत्ता म्हनून लावला."

मंजुळाबाई भिंतीला टेकून बसली होती. ती म्हणाली, "बारा वर्सं बोलला न्हाईस, दत्तू."

"पेटी घिऊन आलो आई, तवा तुमी दारात उभ्या हुता. तुमी पैलं काय इचारलं आठवतं का? म्हनला, कवा येतो म्हनला चिमा? ही मागं उभी. कुक्कू लावलेलं." त्यानं ताटातल्या लुगड्याकडे पाहिलं. "मी म्हनलं, यील."

सरू अजून ताट हातात धरून उभी होती. निरांजन जळत होतं. मला वाटलं आता ती ताट टाकील, किंवा ओरडेल. तिनं निरांजनाला पदरानं आडोसा केला आणि ती आत गेली. बाहेर आली तेव्हा तिचे हात रिकामे होते.

"बाई," ती म्हणाली, "तिकीट माघारी घेत्यात का वो?"

"घेतात. बघते मी."

"बघा." मग दत्तोबाला म्हणाली, "फराळ केल्याबिगर उठायचं न्हाई. बीजंचा भाऊ उपाशी जात न्हाई आमच्यातनं."

त्यानं लाडू हातात घेतला आणि हातातच ठेवला. सरू त्याच्यासमोर बसून राहिली, त्यानं खाल्ला तोवर.

मार्गशीर्षात इंद्रायणीच्या काठावर विधी झाला. बायका नदीवर जात नाहीत, म्हणून मी घरात सरूजवळ बसले होते. गावातल्या दोन म्हाताऱ्या तिच्या बांगड्या फोडायला आल्या होत्या, रीतच ती. मंजुळाबाईनं त्यांना उंबऱ्यावरच अडवलं. "फोडायच्या न्हाईत. तो आवाज मला न्हाई सोसायचा." वाटीत गोडं तेल घेऊन ती सुनेसमोर बसली, तिचा हात मांडीवर घेतला, मनगटाला तेल चोळलं आणि एकेक बांगडी अंगठ्यावरून हळूहळू उतरवायला लागली. दिवाळीचा चुडा घट्ट बसला होता. सरूचा अंगठा लाल झाला. म्हातारी मधे मधे फुंकर घालायची, लहान पोराला घालावी तशी. सगळ्या बांगड्या अखंड निघाल्या. त्यांचं काय करायचं हे कुणाला सुचेना, कारण अखंड बांगड्यांचं काय करतात हे कुणी कधी पाहिलंच नव्हतं. शेवटी मंजुळाबाईनं त्या फडक्यात बांधून तुळईवर ठेवल्या.

तेराव्याला भावाकडून लुगडं येतं, ते दत्तोबानं आणलं. पांढरं नव्हतं, फिकट तपकिरी होतं. यावर भावकीत कुजबुज झाली. सरूनं तेच नेसलं.

तिकिटाचे पैसे परत आले, त्यात तात्याबाची विहीर झाली. अॅटलास मी पुन्हा ट्रंकेत टाकला. सरू महिनाभर आली नाही, मग एक दिवस पाटी घेऊन दारात उभी राहिली. कपाळ मोकळं होतं, आणि मला तिच्याकडे कसं बघावं ते कळत नव्हतं. तिनंच सांगितलं, "वांगी बी धरलेली हायत. घिऊ नगा."

पुढे चैत्रात पेपरात आलं की सुवेझचा कालवा मोकळा झाला, बोटी पुन्हा सुरू झाल्या. मी दोन दिवस विचार केला आणि तिला सांगितलं. म्हटलं, पुन्हा जमवता येईल कधी, त्या नदीवर तरी एकदा जाऊन यायचं मनात असलं तर सांग.

"नगं बाई," ती म्हणाली.

ती पायरीवर बसली, चुंबळ मांडीवर ठेवून तिची चिंधी सारखी करत राहिली. मग म्हणाली, "मागल्या शनवारी चाकनला गेल्ते. समदं उरकल्यावर पैल्यांदाच. नेहमीच्या जागी बसले, पाटी मांडली. आन बगा, नजर लागली फिरायला. ह्येच्या फेट्याकडं, त्येच्या चालीकडं. म्या तिला म्हनलं, अगं आता कुनाला हुडकतीस? तर ऐकंना. गिऱ्हाईक भाव इचारतंय आन माझं ध्यान तिसरीकडंच. बारा वर्सांची सवं हाय तिला, तिला कोन सांगनार." ती जराशी हसली. "उचलली पाटी आन आले माघारी. जागा दिऊन टाकली शालनबाईला."

त्यानंतर ती कुठल्याच बाजाराला बसली नाही. पुढं कितीतरी वर्षं, कॉलनी वाढली, मंडई झाली, मंडईत तिला गाळा मिळत होता तरी, ती डोक्यावर पाटी घेऊन दारोदारच फिरली. लोकांना वाटायचं, खेडवळ बाई, हिला धंदा कळत नाही.

चाकणचं सांगून झाल्यावर त्या दिवशी मी चवळी मागितली. कारखान्याची शिफ्ट सुटली होती आणि आमच्या दारावरून माणसांची रांग चालली होती, सायकली, घंटा, धुरळा. सरूनं पाटी फिरवून घेतली, रस्त्याकडे पाठ केली आणि जुड्या काढायला लागली.